भुरीवर हेक्साकोनॅझोल लागू पडेना म्हणून डोस डबल करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव भागातली थॉमसन द्राक्षाची बाग, फळछाटणीनंतर हेक्साकोनॅझोल या बुरशीनाशकाचे चार हात (फवारण्या) झाले, लिटरला एक मिली घेतलं. मागच्या वर्षी हेच औषध मस्त चाललं होतं, यंदा घडाच्या देठावर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) तशीच. मध्ये डाऊनी (केवडा रोग) आली तेव्हाही हेच मारलं तर तिच्यावर काडीचा फरक नाही. दुकानदार म्हणतो दोन मिली घ्या, नाहीतर टेब्युकोनॅझोल घ्या. आणि शेवटी विचारलंय की हे औषध बुरशीचं कोलेस्टेरॉल बंद करतं असं कुणी सांगितलं, ते खरं का.

भाऊ, तो शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, तो नीट कळला की बाकीच्यांची उत्तरं आपोआप निघतात, म्हणून उलटीकडून सुरू करतो. मी आधी काही वर्षं लॅबमध्ये बुरश्या वाढवल्या आणि नंतरची वीसेक वर्षं द्राक्षबागांमध्ये फिरतोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

कोलेस्टेरॉल आपल्या शरीरात. बुरशीत त्याचा चुलतभाऊ असतो, त्याला एर्गोस्टेरॉल म्हणतात. पेशीचा जो पातळ पडदा असतो ना, तो नुसत्या तेलकट पदार्थाचा केला तर एकतर फार सैल होतो किंवा थंडीत थिजतो. स्टेरॉल मध्ये जाऊन बसलं की पडदा बेताचा घट्ट राहतो, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. झाडांमध्ये हेच काम सिटोस्टेरॉल वगैरे करतात. नावाची गंमत म्हणजे एर्गोस्टेरॉल १८८९ मध्ये टॅनरे नावाच्या फ्रेंच माणसाने राय धान्यावरच्या अरगटातून काढलं, म्हणून ते 'एर्गो'. आपल्या बाजरीवर पण अरगट येतो, त्याच घराण्यातली बुरशी ती. आणि हेच एर्गोस्टेरॉल अतिनील किरणांत ठेवलं की त्याचं व्हिटॅमिन डी-२ होतं, ढिंगरी अळिंबी थोडा वेळ उन्हात ठेवा म्हणतात ते त्यासाठीच.

आता हे बनतं कसं. बुरशी साखरेपासून टप्प्याटप्प्याने स्क्वालीन नावाची एक लांब साखळी बनवते, मग तिला ऑक्सिजन जोडते, मग ती साखळी गुंडाळून चार कड्यांचं लॅनोस्टेरॉल करते, आणि तिथून पुढे नको असलेले तुकडे छाटत छाटत, एखादा तुकडा नवीन जोडत एर्गोस्टेरॉलपर्यंत पोचते. लॅनोस्टेरॉलमध्ये ३० कार्बन, एर्गोस्टेरॉलमध्ये २८. म्हणजे ही पण एक छाटणीच आहे, आणि प्रत्येक कापाला वेगळी कात्री, म्हणजे वेगळं एन्झाइम. एक एर्गोस्टेरॉल बनवायला ऑक्सिजनचे १२ रेणू लागतात. नाशिककडे वाइन करणारी मंडळी यामुळेच सुरुवातीला यीस्टला थोडी हवा देतात. यीस्टला हवा अजिबात मिळाली नाही आणि बाहेरून स्टेरॉलही मिळालं नाही तर तिचा पडदा कच्चा राहतो आणि टाकीतली साखर संपायच्या आतच आंबणं थांबतं.

तुमचं हेक्साकोनॅझोल या रांगेत नेमकी एकच कात्री पकडतं. नाव लांब आहे, १४-अल्फा-डिमिथायलेज, आम्ही बोलताना सिप-५१ म्हणतो. तिचं काम एवढंच की स्टेरॉलच्या १४ नंबरच्या कार्बनवर चिकटलेला एक मिथाइलचा तुकडा काढून टाकायचा. या कात्रीच्या मधोमध लोहाचा एक अणू असतो आणि हेक्साकोनॅझोल ज्या ट्रायझोल गटातलं आहे त्या औषधांमधला नायट्रोजन सरळ जाऊन त्या लोहाला धरतो, की कात्री जाम. टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल, पेनकोनॅझोल, टेट्राकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, सगळी त्याच लोहाला धरतात. बाटली वेगळी, कंपनी वेगळी, रंग वेगळा, पण बसायची जागा एकच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे बरेच जण, अगदी शिकलेले सल्लागार पण, म्हणतात की एर्गोस्टेरॉल कमी पडतं म्हणून बुरशी मरते. ते अर्धंच खरं आहे. कात्री जाम झाली तरी मागून माल येतच राहतो, तो मिथाइलचा तुकडा लागलेला अर्धवट माल पडद्यात जाऊन बसतो आणि तो तिथे नीट बसत नाही, जाडजूड अंगाचा माणूस एसटीत तीन जणांच्या सीटवर चौथा बसतो तसं. यीस्ट आणि कॅन्डिडा या माणसाला रोग करणाऱ्या बुरशीमध्ये तर त्याहून वाईट होतं, पुढचं एक एन्झाइम, ईआरजी-३, या अर्धवट मालावर काम करून त्याचं एक विषारी स्टेरॉल बनवतं. म्हणजे बुरशी स्वतःच्याच हाताने विष बनवते. याचा पुरावा असा की काही कॅन्डिडांमध्ये हे ईआरजी-३ बिघडलेलं असतं आणि त्या अझोल (ट्रायझोल ज्यात येतात तो मोठा गट) खाऊन पण जिवंत राहतात, कारण विषच बनत नाही. एक जागा बिघडली आणि औषध फुकट गेलं.

आता भुरी. कॉलेजमधून बाहेर पडलो तेव्हा मला पण वाटायचं की सगळ्या बुरश्यांत एर्गोस्टेरॉलच असतं, पुस्तकात तसंच होतं. पण द्राक्षाच्या भुरीत मुख्य स्टेरॉल एर्गोस्टेरॉल नसतंच, २४-मिथिलीन कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे ती रांगेतले शेवटचे दोन-तीन काप करतच नाही, आधीच थांबते. तांबेऱ्याच्या बुरशीत तर वेगळीच स्टेरॉलं, २९ कार्बनवाली, जरा झाडांच्या स्टेरॉलसारखी दिसणारी. मायकोरायझाची, म्हणजे झाडाच्या मुळांशी जोडीने राहणारी, बुरशी पण एर्गोस्टेरॉल बनवत नाही. म्हणून कुणी मातीतलं एर्गोस्टेरॉल मोजून मायकोरायझा किती आहे ते सांगत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे चला. मग भुरीत एर्गोस्टेरॉलच नसेल तर हेक्साकोनॅझोल तिच्यावर कसं काय चालतं? कारण शेवट वेगळा असला तरी ती १४ नंबरची कात्री सगळ्यांना लागते, भुरीला पण आणि तांबेऱ्याला पण. कृष्णाकाठच्या सोयाबीनवर तांबेरा आला की हेच हेक्साकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल मारतात आणि चालतं, ते याचमुळे. या औषधांना पूर्वी एर्गोस्टेरॉल रोखणारी म्हणायचे, हल्ली नुसतं स्टेरॉल रोखणारी म्हणतात, तो बदल बरोबर आहे.

मग डाऊनीवर का नाही चाललं? कारण डाऊनी बुरशीच नाही. दिसते बुरशीसारखी, वागते बुरशीसारखी, आम्ही पण सवयीने बुरशी म्हणतो, पण तिचं कूळ पाण्यातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचं आहे. तिच्या भिंतीत काइटिनच्या जागी सेल्युलोज असतं, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डाऊनी आणि तिच्याच कुळातली फायटोप्थोरा, पिथियम ही मंडळी स्वतः स्टेरॉल बनवतच नाहीत. ती १४ नंबरची कात्रीच त्यांच्याकडे नाही. जी कात्रीच नाही ती जाम काय करणार. लागेल तेवढं स्टेरॉल ती झाडाकडून उचलतात, फायटोप्थोरा तर त्यासाठी खास छोटी प्रोटीनं बाहेर सोडते, ती झाडाचं स्टेरॉल पकडून आणतात. म्हणजे घरात चूल नाही, रोज शेजाऱ्याच्या ताटातलं. अशा माणसाच्या गॅसचं सिलिंडर बंद करून त्याला उपाशी मारता येत नाही.

हे मी पहिल्यांदा लॅबमध्ये शिकलो. फायटोप्थोरा अगदी शुद्ध साखर-क्षाराच्या माध्यमावर वाढवली तर वाढते, पण बीजाणू धरत नाही, खूप दिवस वाट बघायची आणि काही नाही. तीच गाजराच्या किंवा ओटच्या माध्यमावर टाकली की ऊस्पोर (जाड भिंतीचे बीजाणू) धरते, कारण गाजरात, ओटमध्ये झाडाचं स्टेरॉल आयतं मिळतं. आणि दुसरी गंमत, मातीतून फायटोप्थोरा वेगळी काढायची असेल तर आम्ही माध्यमात पिमारिसिन घालतो. ते स्टेरॉलला जाऊन चिकटणारं औषध आहे, खऱ्या बुरश्या सगळ्या दबतात आणि फायटोप्थोरा एकटी मजेत वाढते. डोळ्यांच्या डॉक्टरांना यातूनच त्रास होतो, पिथियमने बुबुळाला जखम झाली की ती हुबेहूब बुरशीसारखी दिसते, बुरशीचे थेंब घालत राहतात आणि डोळा बिघडत जातो.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला तेव्हा डाऊनीने द्राक्षाचं काय केलं ते जुन्या बागायतदारांना विचारा. त्या घाईत मी अशा बागा बघितल्या की जिथे लोकांनी घरात शिल्लक असलेलं जे हाताला लागेल ते, ट्रायझोलसकट, टाकीत ओतलं होतं. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त म्हणजे त्यात दोन-तीन दिवस गेले आणि डाऊनीत दोन दिवस म्हणजे अख्खा घड. डाऊनीला तिच्या भिंतीवर जाणारी औषधं लागतात, मॅन्डीप्रोपामिड, डायमिथोमॉर्फ वगैरे, किंवा आधीपासून मॅन्कोझेब, बोर्डो. ऑक्झाथियापिप्रोलिन म्हणून जे आलंय ते पेशीत स्टेरॉल-चरबी इकडून तिकडे नेणाऱ्या प्रोटीनला धरतं. म्हणजे चूल नसलेल्याच्या घरी जाऊन ताटातून तोंडात जाणारा हात धरायचा, कल्पना चांगली आहे. पण त्याची पण जागा एकच, त्यामुळे तेही सारखं सारखं मारलं तर हीच गत होणार.

आता तुमचा खरा मुद्दा, मागच्या वर्षी चाललं ते यंदा का नाही. भुरीच्या त्या सिप-५१ कात्रीत १३६ नंबरच्या जागेवर टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. काही भुरींत तिथे फेनिलअ‍ॅलनिन येतं. दोघांत फरक फक्त एका ऑक्सिजनचा, पण त्याने अझोलची पकड सैल होते आणि कात्रीचं काम मात्र चालू राहतं. द्राक्षाच्या भुरीत हा बदल फ्रान्समध्ये १९९७ मध्येच सापडलाय. काही भुरी याच्या जोडीला त्या कात्रीच्या प्रती वाढवून ठेवतात, एकाच्या जागी अनेक, मग औषध कमीच पडतं.

या जागेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅन्डिडात हाच बदल १३२ नंबरवर दिसतो, जागा तीच, फक्त मोजणी वेगळी. आणि म्युकरमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये कोविडनंतर लोकांचे डोळे-जबडे गेले त्या काळ्या बुरशीत, हा बदल १२९ नंबरवर जन्मजातच आहे. म्हणून फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाहीत आणि अख्खा महाराष्ट्र अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी पळत होता. अ‍ॅम्फोटेरिसिन कात्रीच्या वाटेला जातच नाही, ते पडद्यात बसलेलं तयार एर्गोस्टेरॉलच बाहेर ओढून काढतं. याच जातीची दोन औषधं आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९६० च्या दशकात निघाली, हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन. डॉ. तिरुमलाचार यांचं काम ते, हॅमायसिन ज्या सूक्ष्मजीवातून मिळालं त्याचं नावच पिंपरीवरून पिंप्रिना ठेवलं. ऑरिओफंजिन तर पिकांवर फवारायला काढलं होतं. जुन्या बागायतदारांपैकी कुणाला तरी आठवत असेल.

तर दोन मिली घ्यायचं का. नाही. कारण सांगतो. ट्रायझोलला प्रतिकार हा बटण दाबल्यासारखा एका दिवसात येत नाही, तो जिन्याने चढतो. आज बागेतल्या भुरीत काही पूर्ण ऐकणाऱ्या, काही अर्धवट ऐकणाऱ्या, काही अजिबात न ऐकणाऱ्या असतात. दोन मिलीने अर्धवटवाल्या काही मरतील, आठ दिवस बाग बरी दिसेल, दुकानदाराचं म्हणणं खरं वाटेल, आणि मागे उरतील त्या वरच्या पायरीवरच्या. शिवाय एक्स्पोर्टची बाग असेल तर रेसिड्यूचं, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं, लफडं वेगळंच. आणि कमी डोसही तितकाच वाईट, पाणी कमी, ब्लोअर जोरात, घडाच्या आत औषध पोचतच नाही, तिथल्या भुरीला औषधाचा नुसता वास. तिला ती चांगली तालीम होते. टेब्युकोनॅझोलवर उडी मारून पण फार काही हाती लागणार नाही, जागा तीच आहे हे वर सांगितलंच. ट्रायझोलांमध्ये आपापसात थोडा उन्नीस-बीस फरक असतो, एखादं जरा जास्त टिकतं, पण चार हात एका गटाचे झाल्यावर पाचवा त्याच गटाचा, हे मला पटत नाही.

अजून एक. तुम्ही भुरी पांढरी दिसल्यावर मारलं का आधी? बीजाणू जेव्हा पानावर पडतो तेव्हा त्याच्याकडे आईने बांधून दिलेलं स्टेरॉल असतं, शिदोरी म्हणा. ती संपेपर्यंत त्याला स्वतःची कात्री चालवायची गरजच नसते, त्यामुळे ट्रायझोल असूनही तो रुजतो, कोंब काढतो. पुढे वाढताना नवीन पडदा बनवायचा असतो तेव्हा तो अडकतो. म्हणून ही औषधं बीजाणू रुजू देत नाहीत असं समजू नका, आणि उलट बाजूला, पिठासारखी पांढरी भुरी सगळ्या घडावर पसरल्यावर पण यांच्याकडून चमत्कार मागू नका. यांचा खरा उपयोग शिरकाव झाल्यानंतरचे पहिले काही दिवस, दिसायला अजून काही नसतं तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत आभाळ आलंय, पाऊस नाही, हवा कोंदट, कॅनॉपी (पानांचा पसारा) दाट, तेव्हाच भुरी आत शिरते. तिला पानावर पाणी लागत नाही, उलट धो धो पाऊस तिला आवडत नाही. हा डाऊनीच्या बरोबर उलटा स्वभाव.

मग करायचं काय. सल्फर. हसू नका. सल्फर एका जागी बसत नाही, बुरशीच्या अनेक ठिकाणी खोडा घालतं, त्यामुळे शंभर-दीडशे वर्षं वापरून पण भुरीने त्याला पुरतं तोंड दिलेलं नाही. फक्त पारा ३२-३५ च्या वर असेल तर मारू नका, पानं-मणी भाजतात. मध्ये दुसऱ्या गटाचं एखादं, मेट्राफेनोन असेल किंवा एसडीएचआय (बुरशीचं श्वसन रोखणाऱ्या) गटातलं, आणि ट्रायझोल संपूर्ण हंगामात दोन, फार तर तीन, तेही सलग नाही आणि पूर्ण डोसने. स्टेरॉलच्याच रांगेत पुढच्या दोन कात्र्या धरणारं ट्रायडेमॉर्फ पूर्वी आपल्याकडे होतं, ते २०१८ च्या आदेशाने बंद झालं, त्याच आदेशात भुरीवरचं फेनारीमॉलही गेलं, त्यामुळे जुन्या वहीत बघून ती शोधू नका. कुठलंही औषध घ्यायच्या आधी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी काढा, डोस आणि काढणीपूर्वीचे दिवस तिच्यातले धरा, माझे पण नकोत आणि दुकानदाराचे पण नकोत.

चार ट्रायझोल झाल्यावर यंदा शेंडे थांबल्यासारखे, पेरे आखूड, पानं जास्त काळपट हिरवी वाटतायत का? वाटत असतील तर त्यात या औषधाचा हात असू शकतो. झाडातही लोहवाल्या अशाच कात्र्या असतात, त्यातली एक जिबरेलिन बनवायच्या कामाला लागते आणि काही ट्रायझोल तिलाही धरतात. कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून जे कल्टार मुळाशी देतात ते पॅक्लोब्युट्राझोल, ते पण ट्रायझोलच, तुमच्या हेक्साकोनॅझोलचं सख्खं भावंड. म्हणून मणी लांबवायला जीए (बाहेरून द्यायचं जिबरेलिन) देताय त्याच आठवड्यात ट्रायझोल मारणं मला कधीच पटलं नाही. एका हाताने जिबरेलिन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने झाडाचं स्वतःचं बंद करायचं.

कुणी म्हणेल एवढं काय, शेतातली भुरी माणसाला थोडीच होते. भुरी होत नाही, पण हवेत-मातीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असतेच आणि आपण फवारलेलं तिच्यावरही पडतं. तिच्यात अझोलला न जुमानणाऱ्या जाती नेदरलँड्समध्ये आधी सापडल्या, २०१२ मध्ये भारतातूनही नोंद झाली, आणि फुप्फुसात गेलेल्या त्या बुरशीवर डॉक्टरकडे पहिलं औषध अझोलच असतं. नायट्याचं पण तसंच झालंय. त्यावर टर्बिनाफिन देतात, ते याच रांगेत अगदी वरती, स्क्वालीनला ऑक्सिजन जोडणाऱ्या एन्झाइमवर बसतं, आणि आपल्या देशात पसरलेल्या नायट्याच्या बुरशीने नेमकी तीच जागा बदलून घेतली. मेडिकलमधून आणलेलं मलम महिनोन्‌महिने चोळून पण नायटा जात नाही अशी तक्रार गावोगावी आहे. तिथे त्वचेच्या डॉक्टरकडेच जा, माझ्याकडे नको.

तुमच्या बागेबद्दल अजून एक शंका आहे, ती फिटल्याशिवाय शेवटचं सांगणार नाही. यंदा दोन्ही रोग एकाच वेळी बागेत होते, त्यामुळे जी भुरी जात नाही म्हणताय त्यातली काही डाऊनी तर नाही ना. भुरी पानाच्या वरच्या बाजूला, देठावर, मण्यावर पिठासारखी असते, बोटाने पुसली की निघते आणि खाली राखाडी-तपकिरी जाळी दिसते. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या मागच्या बाजूला, वर त्याच जागी तेलकट पिवळा डाग. घडाच्या देठावर मात्र दोन्ही फसवतात. उद्या सकाळी दव असताना चार-पाच पानं आणि एक घड तोडा, पानांच्या दोन्ही बाजूंचे आणि देठाचे जवळून फोटो काढा, उन्हात नको, सावलीत धरून, आणि सोबत छाटणीची तारीख आणि आजपर्यंत काय काय मारलं ते तारखेनिशी लिहून पाठवा.